माय काय म्हणते?

मार्गशीर्ष लागला की अमरावतीच्या वाटेवरच्या बाभळींना कापूस लागतो. खेड्यापाड्यांतून भरून आलेल्या गाड्या बाभळीखालून जातात, वर रचलेला कापूस काट्यांना अडकतो आणि दोन महिने तिथंच लोंबत राहतो. आमच्या घरासमोरून बाजाराकडं जाणारा रस्ता आहे. सकाळी मी अंगणात सडा टाकते तेव्हा बादलीतल्या पाण्यावरही कापसाचे तंतू तरंगत असतात. हे दिवस सगळ्यांना आवडतात. थंडी पडते, शेतात हुरडा होतो, माणसं एकमेकांकडं जातात-येतात. मला मात्र या दिवसांत कुणाशी बोलू नये असं वाटतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि कारण कुणी विचारत नाही. आमच्या घरांमध्ये कारण विचारायची पद्धत नाही.

मी लिहायला शिकले ती लग्नानंतर. माझे यजमान शाळेत मास्तर. दिवसभर पोरांना शिकवून जे काही उरे ते संध्याकाळी माझ्यावर संपवीत. त्यांना वाटे, बायकोनं देवाच्या ओव्या लिहून काढाव्यात. मी लिहायला बसले की मला दुसरंच आठवे, म्हणून इतकी वर्षं मी काहीच लिहिलं नाही. आता केस पिकले आहेत, आणि ज्यांना हे वाचून वाईट वाटलं असतं त्यातलं कुणी उरलेलं नाही.

माझं माहेर अकोल्याच्या अलीकडं पाच कोसांवर. मोर्णा नदी आमच्या गावाला लागत नाही, पण अकोल्याच्या जुन्या शहरात बाजाराला गेलो की तिच्यात पाय बुडवल्याशिवाय आम्ही पोरं परतत नसू. मी आठ वर्षांची असेन. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली होती. तिकडचा कापूस अडकला होता, आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्यासारखा झाला होता. असं मोठी माणसं सांगत. कुणी म्हणे, अमक्या गावच्या पाटलानं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. मी काही त्या पाहिल्या नाहीत, आणि ज्यांनी पाहिल्या असं सांगितलं त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. आमच्या घरी पितळेची नवी घागर आली, बैलांना नवे घुंगरू आले आणि आबाजींना बाळापूरचं लाल पागोटं आलं. आबाजी म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. त्यांनी त्या साली मारुतीला नारळ फोडला आणि मागणं मागितलं, की ती लढाई आणखी एक साल चालू दे. तिकडं माणसं मरत असतील, त्यांच्या घरी कुणी वाट पाहत असेल, हे कुणाच्या ध्यानी आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही पोरांनी खोबरं खाल्लं.

पहिल्या वेचणीच्या दिवशी बायका वावरात दहीभात शिंपडतात, त्याला आमच्याकडं सीतादही म्हणतात. त्या साली ते मायनं केलं. ओटीला लुगड्याचं फडकं बांधून ती पऱ्हाटीच्या ओळीत शिरली की तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर चालत. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटं ओरबाडून काढतात. तिच्या नखांच्या कडा त्या महिन्यांत कायम लाल असत आणि कालवणाला हात लागला की ती ओठ आवळून घेई. त्या साली वेचणारणी मिळत नव्हत्या. जो तो त्यांना आपल्या वावरात ओढत होता. पण माय त्यांच्या आळीत जाऊन सांगून आली की त्या आमच्याकडं येत, दुसरं कुणी गेलं तर येत नसत. हे आबाजींना पक्कं ठाऊक होतं.

माय आबाजींशी बोलत नसे. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, आणि त्यांच्यासमोर नवऱ्याशीही बोलायचं नाही, ही घरोघरची रीत. पण एका घरात राहायचं तर दिवसातून वीसदा बोलावं लागतंच. त्यासाठी मी होते. आबाजी ओसरीवर बसत, माय आत दाराआड उभी राही, दोघांमध्ये चार हात जमीन असे आणि त्या चार हातांत मी. आबाजी म्हणत, भागे, मायले इचार, आंगधुन्याचं पानी झालं काय. आतून माय म्हणे, सांग, झालं म्हना. तिचं बोलणं ओसरीवर स्वच्छ ऐकू येई. पण ऐकू आलं असं धरायचं नाही. मी तोंड फिरवून आबाजींना सांगायची, माय म्हनते, झालं. मग आबाजी उठत. माझ्या तोंडून निघेपर्यंत ते पाणी तापलेलंच नसे.

हे मला कुणी शिकवलं नाही. बोलायला लागले तसं आपोआप आलं. माणसाला काय ऐकू आलं हे एक, आणि त्याला काय ऐकू आलं असं आपण समजायचं हे दुसरं. पाच वर्षांच्या पोरीला हा फरक कळत होता. मास्तरांना मी एकदा हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की शास्त्र्यांनाही एवढा बारीक भेद सुचायचा नाही. मी म्हटलं, शास्त्र्यांना कुणी सासऱ्यासमोर उभं केलं नसेल.

पुढं पुढं मी निरोप थोडा घासूनपुसून नेऊ लागले. माय म्हणे, मीठ संपलं, तीनदा सांगून झालं, कोनी ध्यान देत नाई. मी सांगायची, माय म्हनते, मीठ आना लागते. आबाजी खूश होत. आत मायही गालात हसे, ते मला तिच्या श्वासावरून कळे. सगळे म्हणत, पोरगी शायनी हाये. आमच्याकडं शहाणं पोर म्हणजे काय, तर वडीलधाऱ्याच्या मनात आलेलं त्यानं बोलायच्या आत ओळखणारं. आबाजींची डावी भुवई वर गेली की त्यांना पानतंबाखूची चंची हवी, अंगठा गुडघ्यावर फिरू लागला की त्यांना समोरच्याचं बोलणं पटलेलं नाही, घसा दोनदा खाकरला की पोरांनी तिथून निघून जायचं. ही प्रत्येक खूण मला पाठ होती. बाबांची वेगळी, मोठ्या चुलत्यांची वेगळी, गावच्या पाटलांची वेगळी. मायची मला एकही ठाऊक नव्हती. तिच्याकडं मी पाहत नसे असं नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून घरातलं काही ठरत नसे, मग तो वाचायचा कशासाठी? पोरं फार काटकसरी असतात. ज्याचा उपयोग नाही ते ती शिकत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी दुपारी मास्तरांनी ओट्यावर आळीतली पोरं जमवली होती, त्यात आमची नात चिमीही होती. त्यांनी कोडं घातलं. एका माणसानं आपली चंची कोनाड्यात ठेवली आणि तो बाहेर गेला. मागं त्याच्या बायकोनं ती उचलून पेटीत ठेवली. माणूस परत आला, तर तो चंची कुठं शोधील? एक पोरगं म्हणालं, पेटीत. दुसरं जरा विचार करून म्हणालं, कोनाड्यात, कारण त्याले कुठं माहीत हाये. मास्तर त्याला शाबास म्हणणार तेवढ्यात चिमी म्हणाली, "तो काहून शोधीन? बायको आनून देईन नं." मास्तर मांडीवर थाप मारून हसले, आणि पुढं आठवडाभर जो भेटेल त्याला त्यांनी हे ऐकवलं. मला हसू आलं नाही. मी आत जाऊन उगाच डबे हलवत बसले. चिमीचं उत्तर बरोबर होतं. आमच्या घरात दुसऱ्याचं मन कुणी ओळखायचं हे तिनं चार वर्षांत पाहून ठेवलं होतं. चंची कुठं आहे याचा विचार त्या माणसाला करावाच लागत नाही. त्याच्या मनात काय आहे याचा विचार बायको करते. आणि बायकोच्या मनात काय आहे, हे तर कोड्यात मास्तरांनीही विचारलं नव्हतं.

मी आठ वर्षांची होते त्या वेचणीत आमच्या अंगणात पिंजारीचाचा आले होते. वर्षातून एकदा थंडीच्या तोंडावर ते येत आणि आमच्या गाद्या-रजयांतला जुना कापूस पिंजून देत. नवा कापूस विकायचा आणि अंगावर जुनाच घ्यायचा, हे त्या सोन्याच्या सालातही बदललं नाही. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी हुसैना असे, माझ्याच वयाची. तिचं घर गावातच, तिथं मी जात असे. तिची दादी तिला समोर बसवून विचारी, क्या सोच रई है गे? आणि हुसैना सांगे. भूक लागली, अब्बांवर राग आला, मोठी बहीण सासरी गेल्यापासून अम्मी रोज पाणी भरताना रडते. हे सगळ्यांसमोर. मला ऐकताना कानकोंडं होई. आमच्या घरी पोरांना कुणी असं विचारत नसे, आणि कोण रडतं हे तर दिसलं तरी दिसलेलं नसे. मला वाटे, या पोरीला अक्कल नाही.

त्या दिवशी दुपारी बाळापूरहून मामा आले. बाबा कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला गेलेले, घरी कर्ते आबाजीच. मामा गुळपाणी घेऊन ओसरीच्या कडेला बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मुलीच्या सासरी आलेला माणूस जसा बसतो तसे. त्यांनी जमिनीकडं पाहत सांगितलं, की त्यांची आई, म्हणजे माझी बाळापूरची आजी, पंधरा दिवसांपासून अंथरुणाला खिळली आहे. पेजेशिवाय काही उतरत नाही. सारखं मुलीचं नाव घेते. आठ दिवसांसाठी पाठवाल तर बरं, गाडी घेऊनच आलो आहे.

आबाजींनी वावराच्या दिशेनं पाहिलं. अंगणात पिंजणाची तार वाजत होती. वेचणीचा पहिला फेर कसाबसा संपला होता, दुसऱ्या फेराची बोंडं उमलून उभी होती, आणि माय गेली की वेचणारणी जाणार हे उघड होतं. पण पाहुण्यासमोर नाही म्हणणं आबाजींना शोभलं नसतं. ते मोठ्या मनाचे म्हणून पंचक्रोशीत नावाजलेले होते. ते म्हणाले, "माही ना नाई. भागे, तुह्या मायले इचार, आत्ता जाशीन का येचनी उरकल्यावर जाशीन. तिच्या मनात जे असन ते."

मी दाराकडं वळले. विचारायची गरज नव्हती, मायनं सगळं ऐकलं होतं. ती इतकी दाराशी आली होती की तिच्या लुगड्याचा काठ ओसरीवरून दिसत असावा. "सांग," ती म्हणाली, "मले आत्ताच जा लागते. माह्या मायचं काई खरं नाई." तिचा एवढा मोठा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. तार थांबली. अंगणात, ओसरीवर, जो कुणी होता त्या प्रत्येकानं ते ऐकलं.

मी आबाजींकडं वळले. त्यांचा अंगठा गुडघ्यावर फिरत होता.

मला आजही तो क्षण नीट सांगता येत नाही. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मला वाटलं, आता मी फार शहाणपणाचं काम करणार आहे. आबाजींना काय हवं हे मला कळलं होतं, आणि जे त्यांना हवं तेच सगळ्यांच्या भल्याचं, यात शंका घ्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मायलाही शाबासकी मिळेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "माय म्हनते, येचनी उरकल्यावर जाईन."

आबाजींचा अंगठा थांबला. ते मामांना म्हणाले, "आयकलं नं, पाव्हने? तिचंच मन नाई. शायनी हाये सून." मामांनी मान खाली घातली ती वर केली नाही. ते काय म्हणणार? माझी बहीण असं म्हणाली नाही, हे बोलणं म्हणजे बहिणीच्या सासऱ्याला तोंडावर खोटं पाडणं. त्याचा त्रास पुढं जन्मभर बहिणीलाच. आणि मायनं पुन्हा बोलायचं तर कुणाच्या तोंडून? तिचं तोंड मीच होते.

थोड्या वेळानं आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. पाहुण्यांसाठी स्वयंपाक करायचा होताच.

अंगणातून हुसैना माझ्याकडं पाहत होती. मी खाली उतरले तशी ती सरळ म्हणाली, "तेरी माय तो ऐसा नई बोली." तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मला इतका राग आला की मी तिच्या हातातला पेळू हिसकून फेकून दिला आणि म्हटलं, तुले काय समजते. पिंजारीचाचांनी मुलीकडं एकदाच पाहिलं आणि नजरेनंच तिला गप्प केलं. त्यांनाही आमच्या घरचं काम हवं होतं. ती खाली बसून विखुरलेला कापूस गोळा करू लागली. त्यानंतर आमच्या अंगणात असताना ती असं काही बोलली नाही. तीही शिकली.

मामा जेवून दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी माझ्या हातावर रेवड्या ठेवल्या, भाचीला द्यायच्या म्हणून आणलेल्या. मायनं मला मारलं नाही, रागावली नाही, विचारलंही नाही. रोजच्यासारखी माझी वेणी घातली. फक्त त्या दिवसापासून आबाजींना निरोप द्यायचा असला की ती सोनीला हाक मारी. सोनी माझी धाकटी बहीण, तीन वर्षांची. तिला धड बोलता येत नव्हतं. आतून जे कानावर पडे त्यातला शेवटचा शब्द तेवढा ती ओसरीवर नेऊन टाकी. आबाजी, पानी. आबाजी, मीट. सगळे कौतुकानं हसत. मी दाराच्या बाजूला उभी राहून वाट पाहायची, की आता माय मला बोलावील. मला वाटे, सोनी लहान आहे, तिला नीट सांगता येत नाही, हे मायच्या लक्षात कसं येत नाही? ती का बोलावत नाही हे समजायला मला फार वर्षं लागली. सोनीला दुसऱ्याचं मन ओळखता येत नव्हतं. मायला तेवढंच हवं होतं.

पौषात दुसरा फेर निम्मा झाला होता तेव्हा बाळापूरचा माणूस आला. आजी गेली होती. माय वावरात होती. आबाजींनी मला जवळ बोलावून सांगितलं, जा, मायले सांगून ये. सोनीला एवढं चालवत नव्हतं.

वावर अर्धा कोस. वाटेत मी नेहमीसारखं ठरवू लागले, की निरोप कसा द्यायचा, कोणता शब्द आधी, कोणता गाळायचा. आणि मला काहीच सुचेना. हा निरोप घासूनपुसून नेण्यासारखा नव्हता, आणि तो ज्याला द्यायचा त्या माणसाला काय ऐकायला आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईच्या मनात काय असेल याचा विचार करत चालले होते, आणि तिथं मला काही दिसत नव्हतं.

ती ओळीच्या मध्यावर होती. मला येताना पाहून ती थांबली. मी जवळ जाऊन तोंड उघडलं. ती म्हणाली, "बोलू नोको. समजलं मले." मग तिनं हातातलं बोंड पुरतं वेचून ओटीत टाकलं आणि ओळीच्या टोकापर्यंत वेचत गेली. वेचणारणी आपापल्या जागी थांबल्या. मी तिच्या मागं मागं चालत होते. टोकाला पोहोचल्यावर तिनं ओटी सोडून कापूस ढिगावर ओतला आणि ती खाली बसली. तिथून पुढचं मला आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

ती लढाई पुढं संपली. भाव पडले, घुंगरू बैलांच्या गळ्यात राहिले, आबाजी म्हातारे होऊन गेले. आगगाडी आली. लोक म्हणाले, आता सगळं बदलेल. बाळापूरला जायला दीड दिवसाच्या जागी काही तास लागू लागले, पण दार आणि ओसरी यांच्यामधलं अंतर तेच राहिलं. माझ्या संसारात मी ते एकदा मोडायला गेले होते. माझी सून मास्तरांशी चिमीच्या तोंडून बोलते हे पाहून मला सहन होईना. मी तिला म्हटलं, तू सरळ त्यांच्याशी बोल, त्यांची हरकत नाही. मास्तर सुधारकी विचारांचे, तेही बरं म्हणाले. पोर ओसरीवर येऊन उभी राहिली, तिच्या कपाळावर घाम आला, ओठ हलले पण शब्द फुटेना. मास्तरही पुस्तकात डोकं घालून बसले. दोन दिवस ती जेवायला सगळ्यांच्या मागून बसली आणि रडून तिचे डोळे सुजले. तिला काय वाटतं हे मी तिला विचारलं नव्हतं. तिला बोलायचंच असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी चिमी पुन्हा दारात उभी राहिली आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीसुद्धा.

गेल्या साली माय माझ्याकडं आली. बाबा जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा नाही, वावर भाऊबंदांकडं गेलं, सोनीचं सासर दूर आणि गरिबीचं. खोकला धरून बसला होता, अमरावतीला औषध मिळेल म्हणून मी तिला आणलं. मुलीच्या घरचं खायला ती तयार नव्हती. पहिले चार दिवस तिनं गावच्या शेजारणीनं बांधून दिलेल्या फुटाण्यांवर काढले. मग माझ्या हट्टापुढं तिचं काही चालेना. ती जेवू लागली, आणि जेवू लागली तशी कामाला लागली. मी सुपाकडं पाहिलं की सूप माझ्या हातात. मी उठायच्या आत पाट मांडलेला. मास्तरांना उशीर झाला की ती माझ्या तोंडाकडं एकदा पाही आणि चूल मंद करी. सून म्हणाली, आजींना किती कळतं. मला वाटलं, आईची माया. मी सुखावले.

तेव्हाही वेचणीचेच दिवस होते. दुपारी आम्ही दोघी अंगणात ऊन घेत बसलो होतो, रस्त्यानं गाड्या चालल्या होत्या. सदतीस-अडतीस वर्षं जे बोलले नव्हते ते मी बोलले. म्हटलं, माय, त्या दिवशी मामा आले होते तेव्हा मी खोटं सांगितलं. तू जाते म्हणाली होतीस. माझ्यामुळं तुला आजी भेटली नाही. तुला तेव्हा काय वाटलं, मला एकदा सांग. मला शिव्या दे, पण सांग.

तिनं माझ्याकडं पाहिलं. घाई न करता, नीट. माझे डोळे भरले होते, ते तिला दिसलं. मग ती म्हणाली, "तू कुठं खोटं बोलली, बाई? मलेच जायचं नोतं."

इतक्या सहज म्हणाली, की क्षणभर मला ते खरं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, बरं झालं माय, सांगितलंस ते. ती हसली आणि सुपातले दाणे निवडू लागली.

ते उत्तर कुणासाठी होतं हे मला दोन दिवसांनी कळलं. ती माझ्या घरी जेवत होती. औषध माझ्या नवऱ्याच्या कमाईचं होतं. तिच्यावरचं माणूस आता मी होते, आणि वरच्या माणसाला काय ऐकायचं आहे हे तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं होतं. पुन्हा विचारायला मी दोनदा तिच्याजवळ गेले, आणि दोन्ही वेळा ती तेच म्हणाली, तशीच हसून. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. माघात ती गेली.

आबाजींचा मला जन्मभर राग आला. सोयीचं उत्तर घेऊन स्वस्थ बसणारा माणूस म्हणून मी त्यांना मनात किती बोल लावले. मीही तेच केलं. पण त्यांनी दाराआडचं खरं उत्तर निदान ऐकलं होतं. मला ते कुणी ऐकवलं नाही.